बोहरी आळीतला किचन काटा: डाएट संपल्यानंतर वर्षभर वापरून

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भांडी आणि हत्यारांच्या दुकानांच्या गर्दीत एक लहानसं दुकान आहे, तिथून मी हा काटा घेतला. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एकेक ग्रॅमचा फरक दाखवतो, वर स्टीलची सपाट तबकडी आणि खाली दोन ट्रिपल ए सेल. किंमत साडेचारशेच्या आसपास. अगदी असाच काटा त्याच दुकानात दुसऱ्या नावाच्या खोक्यातही होता, त्यामुळे नाव लिहून फारसा उपयोग नाही. हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात कसा चालतो ते लिहिते. वर्ष होऊन गेलं, ओट्यावरून तो हललेला नाही.

हा काटा मी डाएट चालू असताना घेतला नव्हता, संपत आल्यावर घेतला. त्याची खरी गरज तेव्हाच पडते, असं माझं ठाम मत आहे. मला टाइप टू डायबिटीस निघाला तेव्हा वजन ८१ किलो होतं. डॉक्टरांनी त्यांच्या देखरेखीखाली दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला, पावडरीचे शेक आणि सूप. साखरेची आणि बीपीची औषधं त्यांनी सुरुवातीलाच बदलली. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू ठेवून एवढं कमी खाल्लं, तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाते. वजन ६८ वर आलं. त्या काळात मोजायला काही नसतंच. पुडी फोडायची, पाण्यात ढवळायची आणि प्यायची. मोजमाप कंपनीने आधीच करून दिलेलं असतं. ताटात पहिली पोळी येते तेव्हा ते काम आपल्यावर येतं.

ही पद्धत ज्या अभ्यासावरून आली तो ब्रिटनमधला, डायरेक्ट नावाचा. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ८२५ ते ८५३ कॅलरींचा टप्पा तीन ते पाच महिन्यांचा होता, मग दोन ते आठ आठवड्यांत नेहमीचं जेवण पायरीपायरीने परत आणायचं, आणि पुढे वजन टिकवण्यासाठी नियमित भेटी. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं होतं त्यांच्यात तर ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र ४६ चे ३६ झाले. डॉक्टर हे सांगत होते आणि माझं सगळं लक्ष त्या शेवटच्या दोन आकड्यांकडे लागलं होतं, कारण त्यांच्यातलं अंतर मी रोज हाताने मापते.

नारायण पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लग्नसराईच्या तोंडावर बायका जुने ब्लाउज घेऊन येतात, "ताई, डाएट केलंय, दोन्ही बाजूंनी घट्ट करून द्या." मी टीप मारून देते, पण आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कधी कापत नाही. कारण पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातले बरेचसे ब्लाउज उसवायला परत येतात. छातीला दीड इंच, दंडघेराला अर्धा, कुणाला त्याहून जास्त. आणि प्रत्येकजण आवाज खाली घेऊन तेच म्हणते, "माझंच चुकलं हो, जिभेवर ताबाच नाही." मला हे ऐकवत नाही. यातल्या कितीतरी जणी पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, चतुर्थ्या-एकादश्या काटेकोर पाळणाऱ्या आहेत. ताबा नसलेल्या बायका अशा असतात का?

मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून त्यांची भुकेशी संबंधित संप्रेरकं तपासली होती. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ते आलं. भूक चेतवणारं घ्रेलिन वाढलेलं होतं, चरबीचा साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवणारं लेप्टिन घटलेलं होतं, आणि वर्षानंतरही ती पूर्वीच्या जागी आलेली नव्हती. शिवाय हलक्या शरीराला इंधन कमी लागतं. म्हणजे भूक वाढलेली आणि गरज घटलेली, अशा स्थितीत बाई स्वयंपाकघरात उभी असते आणि तिला सांगितलं जातं, आता अंदाजाने खा. अंदाज भुकेच्याच बाजूला झुकणार. तिथे मधे उभं राहायला काहीतरी लागतं आणि माझ्या घरी ते काम या काट्याने केलं.

आता प्रत्यक्ष वापर. नेहमीचं जेवण सुरू करताना मिळालेल्या तक्त्यात लिहिलं होतं, एक वाटी भात, एक वाटी आमटी, दोन पोळ्या, दोन चमचे तेल. वाटी कुणाची? काटा आणल्यावर मी पहिलं काम केलं ते घरातल्या सगळ्या वाट्या पाण्याने भरून मापण्याचं. रोजच्या स्टीलच्या वाटीत १३० ग्रॅम पाणी मावलं, सासूबाईंच्या माहेरून आलेल्या काठाच्या वाटीत २१०. दोन्हीला घरात वाटीच म्हणतात. मोकळा शिजवलेला भात १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी देतो, तेव्हा वाटी बदलली की रोजचे शंभरेक कॅलरी इकडचे तिकडे होतात, आणि वरून डावाने दाबून शिगोशीग भरली तर विचारायलाच नको. आता मी तांदूळच कोरडे मोजते. माझे ४० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १४० कॅलरी. शिजून ते अडीच-तीनपट होतात, पाणी कमी-जास्त झालं तरी कॅलरी त्याच राहतात. शिजवलेल्या भातावर भांडत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

पोळीचंही तसंच. आमच्याकडे सासूबाईंच्या हाताचा उंडा ७५ ग्रॅमचा भरला. तक्त्यातली पोळी ३० ग्रॅम पिठाची, म्हणजे मळलेल्या कणकेचा ५० ग्रॅमच्या आसपासचा उंडा आणि साधारण १०० कॅलरी, घडीतलं तेल वेगळं. त्यांच्या तीन पोळ्या माझ्या साडेचार होतात. पहिले काही दिवस मी प्रत्येक उंडा तबकडीवर ठेवत होते. मग हाताला सवय झाली. आता मधूनच एखादा टाकून बघते, दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक येत नाही. शिवणाऱ्या बाईचे हात आहेत, माप लवकर शिकतात.

सगळ्यात जास्त शिकवलं तेलाने. तेल हा असा पदार्थ आहे की तो शिजल्यावर दिसत नाही आणि ग्रॅममागे नऊ कॅलरी देतो, साखर किंवा पीठ देतात त्याच्या दुपटीहून जास्त. फोडणीच्या पळीने घातलेलं तेल कुणी मोजत नाही. मी बरणी तबकडीवर ठेवते, टेअरचं बटण दाबून शून्य करते, बरणीतून तेल कढईत घालते आणि बरणी परत ठेवते. काटा उणे १८ दाखवतो, म्हणजे १८ ग्रॅम गेलं. चमचे धुवायला नकोत, पळी ओघळायला नको. ही एक सोय एवढी चांगली आहे की केवळ तेवढ्यासाठी मी काटा परत घेईन.

महिन्याचा हिशोबही करून बघावा. आमच्या घरी आम्ही चौघं, आणि पाच लिटरचा डबा महिन्याला संपायचा. पाच लिटर तेल वजनाला साडेचार किलोच्या थोडं वर भरतं. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं की माणशी रोज ३८ ग्रॅम, जवळपास ३४० कॅलरी. तळणातलं थोडं टाकलंही जातं, ते वजा धरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या मार्गदर्शनात बैठं काम करणाऱ्या बाईला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास सांगितलेलं आहे, आणि मशीनवर बसून माझं काम बैठंच आहे. आमच्या घरात कुणी तेलकट खाणारं नाही असं आम्ही सगळे मानत होतो. डबा आता दीड महिन्याहून जास्त पुरतो आणि भाजीच्या चवीबद्दल कुणीही तक्रार केलेली नाही.

दुसरा असाच पदार्थ म्हणजे दाण्याचं कूट. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, सगळीकडे मूठभर. शेंगदाणे १०० ग्रॅमला ५६० कॅलरींच्या वर असतात. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी मी एकदा पूर्ण मोजून केली, एका माणसाची ताटली: कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम, लहानसा बटाटा. बेरीज सहाशेच्या वर गेली. डाएटमध्ये माझा अख्खा दिवस ८५० चा होता! आणि ही खिचडी उपासाच्या दिवशी, पोटात काही नाही या भावनेने खाल्ली जाते. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे साखरही झरझर वर जाते. खिचडी मी सोडलेली नाही, मला ती मनापासून आवडते. अर्धी ताटली घेते, बरोबर खमंग काकडी भरपूर, त्यातलंही कूट मोजून, आणि मोठा पेलाभर ताक. पोट भरतं.

मोजायचं ते एवढंच: तेल-तूप, कूट आणि सुका मेवा, तांदूळ, पीठ. कोबी, दुधी, घोसाळी, पालेभाजी, टोमॅटो यांना मी काट्याजवळ नेत नाही. सगळंच मोजायला गेलं की माणूस महिन्याभरात कंटाळतो आणि काटा वरच्या फडताळात जातो. मला तो तिथे जायला नको आहे.

आता उणिवा. एक, साखर किंवा मीठ चिमूटचिमूट टाकत गेलं तर आकडा हलत नाही. काटा तो बारीक बदल शून्याच्या आसपासची हालचाल समजून गिळून टाकतो. म्हणून अशा गोष्टी बरणीतून काढून उणे पद्धतीनेच मोजाव्यात. दोन, मिनिट-दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो. दारावर कुरिअरवाला आला की गेलं सगळं. मी रिकाम्या भांड्यांची वजनं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत, त्यामुळे पुन्हा सुरुवात करावी लागत नाही. तीन, परात ठेवली की आकडे परातीखाली झाकले जातात. वाटी पालथी ठेवून वर परात ठेवावी लागते. चार, गरम कढई थेट ठेवू नये, खालचं प्लास्टिक मऊ पडतं. कापडाची चौघडी ठेवून शून्य करावं. पाच, एककाचं बटण चुकून दाबलं जातं आणि काटा मिलिलिटर दाखवायला लागतो. ते पाण्याला ठीक आहे, तेलाला नाही, कारण १०० मिलिलिटर तेल ९१-९२ ग्रॅमच भरतं. आणि कणकेचे हात बटणांना लावू नका, फटीत पीठ जाऊन बसतं ते निघता निघत नाही.

अचूकपणाबद्दल माझं समाधान आहे. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, घरगुती काट्याला तो नसतो, त्यामुळे खात्री आपणच करायची. दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवली, काट्याने ७७ दाखवले. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ५१८ भरली, आणि दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं म्हणून ते बरोबरच आहे. सेल उतरायला लागले की आकडे डळमळतात, तेव्हा सेल बदलून नाण्यांची परीक्षा परत घ्यावी.

घरातल्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण हा काटा एकटीच्या घरात येत नाही. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, अन्न मोजून वाढतात का कुणी? आपल्या घरात पोळ्यासुद्धा मोजायची पद्धत नाही." त्यांचं मला मनापासून पटतं. वाढणाऱ्याने मोजू नये. मी म्हटलं, "आई, तुमच्या ताटाला मी हात लावणार नाही, फक्त माझं मोजू द्या." तो शब्द मी पाळला आहे. नैवेद्याचं पान, पाहुण्यांची पानं, सासूबाईंची थाळी यांच्याजवळ काटा जात नाही. आणि मुलीच्या ताटाजवळ तर मुळीच नाही. ती कॉलेजात आहे, त्या वयाच्या पोरी आरशासमोर उभ्या राहून आधीच स्वतःला खूप बोल लावतात, माझ्या दुकानात मी ते रोज बघते. ज्यांना खाण्यावरून मनाला त्रास होतो, जेवल्यावर अपराधी वाटतं, मोजायला लागलं की थांबता येत नाही, त्यांनी हा काटा घेऊ नये आणि घरच्यांनी आणून त्यांच्यासमोर ठेवू नये. हे मी अगदी कळकळीने सांगते.

अंगाचं वजन मी आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी बघते. शेक संपवून पोळी-भात सुरू केला त्या पहिल्या दिवसांत ते जवळजवळ दीड किलोने वर गेलं आणि मी हादरले. डॉक्टरांनी समजावलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर परत भरते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी येतं, ती चरबी नव्हे. अनेकजणी नेमक्या याच आठवड्यात हात टेकतात. मला वाटतं डाएट देणाऱ्या प्रत्येकाने हे आधी सांगायला हवं, छापून द्यायला हवं. पुढे ते स्थिरावलं.

चरबी दाखवणारा मोबाइलला जोडायचा महागडा वजनकाटा मी घेतला नाही, कारण माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण अंगातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्या लोकांच्या बाबतीत नुसत्या किलोंवर विसंबून चालत नाही, हे त्या एका फोटोत आहे. म्हणून कंबर मापावी, भारतीय बाईला ८० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच. नाडी बांधतो तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. दुकानात कुणी विचारलं तर मी ब्लाउजच्या मापांबरोबर हेही माप घेऊन वहीत लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही. माझी कंबर अजून त्या रेषेच्या दीड इंच वर आहे. वजन ६८ ते ७० च्या मधे टिकून आहे, साखर औषधांशिवाय मर्यादेत आहे, आणि ७० ला टेकलं की मी आठवडाभर तेलाची बरणी पुन्हा रोज काट्यावर ठेवते. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

घ्यायला जाणार असाल तर पाच किलोवाला घ्या, तीन किलोवाल्यावर कुकरचं भांडं भरून ठेवलं की तो तक्रार करतो. ज्यांच्याबरोबर प्लास्टिकचा वाडगा येतो ते घेऊ नका, सपाट तबकडीवर आपलं कुठलंही भांडं बसतं. आकडे मोठे आणि मागून उजेड असलेले बघा, चष्मा कपाळावर असताना वाचता आले पाहिजेत. पैसे देण्याआधी दुकानदाराला सेल घालायला सांगा, खिशातली दहाची नाणी तबकडीवर एकदा मधोमध आणि एकदा कडेला ठेवा. दोन्ही ठिकाणी तोच आकडा आला तरच घ्या. रविवारी बोहरी आळीकडे जाऊ नका, गर्दीत कुणी एवढं तपासू देत नाही. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर दुकानदार दोन-तीन काटे खोक्यातून काढून समोर मांडतात.